अकारविल्हे

अमळनेरला, दगडी दरवाज्याच्या अलीकडे
मोटारपंपाच्या सुट्या भागांचं दुकान.
भिंतभर पत्र्याचे खण, मोजले तर तीनशे बारा,
एकावरही चिठ्ठी नाही.
मालक म्हणाले, धुडकूनाना दिवाळीनंतर यायचे थांबणार,
तेवढं त्यांच्या डोक्यातलं स्क्रीनवर घे.

घेतलं. चार दिवसांत.
इंपेलर, ऑइल सील, कपलिंग, ग्लँडची दोरी,
शाळेच्या हजेरीसारखी सरळ ओळ.
वर शोधायची चौकट, शेजारी भिंग.
रंगही निवडला होता, कपाशीच्या फुलाचा पिवळा.

पहिलं गिऱ्हाईक बेटावदचं.
"नई जोयजे, पानी ओढानी."
पोराने टाइप केलं: नई.
स्क्रीन म्हणाली: काहीही सापडलं नाही.
भिंतीत तेव्हा सतरा जातींच्या नळ्या होत्या.
आमच्याकडे ळ चा य होतो.
मी धुळ्याची, मला ठाऊक नव्हतं असं नाही,
पुण्यात सहा वर्षं राहून
मी तो ळ घासूनपुसून चौकटीत बसवला होता.

दुसऱ्याने नाव घेतलंच नाही.
पंचाच्या गाठीतून काढलं काही काळं, तेलकट, अर्धं झिजलेलं,
काउंटरवर ठेवलं आणि म्हणाला, "आसं."

आसं कोणत्या अक्षराखाली येतं?

मग स्टूल घेऊन नानांच्या मागे बसले.
नऊ दिवस. वहीत रेघा,
कोणता खण किती वेळा, हात कुठे अडखळतो.
ते दुसरं पान कोरंच राहिलं.

फूटव्हॉल्व्हच्या पोटाशी त्याची रबरी झडप,
तिला लागून क्लॅम्प, दोन बोल्ट, पांढरी टेप.
जे सोबत मोडतं ते सोबत राहतं.
मार्चात नाना एक अख्खी रांग उचलून
कंबरेच्या उंचीवर आणतात,
विहिरी खोल गेल्या की लोक लांब पाइप मागतात;
पोळ्यानंतर ती रांग परत वर, शिडीच्या हवाली.
आणि दोन ऑइल सील, एका रंगाचे, केसाएवढ्या फरकाचे,
एक या भिंतीला, दुसरं थेट त्या.
ही जुळी भावंडं वेगळी का?
"एकदाव चुकनू," नाना म्हणाले. "पारोयाना माणूस.
रातभर मोटार बंद. गहू व्हता फुलोरामा."

अंतर मोजलं, अकरा फूट.
सारखं सारख्याजवळ ठेवावं, असं मी शिकून आले होते.

नानांचं सगळंच बरोबर होतं असंही नाही.
बेअरिंगचे खण नुसते सवयीने विखुरलेले,
का, असं विचारलं तर पंख्याकडे बघत राहिले.
ते मी नंबरांनी लावले.
दोन दिवस चहा नुसता माझ्यापुरता आला नाही.

आता स्क्रीन उघडली की यादी येत नाही.
एकच प्रश्न: काय अडलं?
खाली चित्रं. पाणी चढत नाही. मोटार तापते.
आवाज करते. गळतं.
पाचव्या जागी कॅमेरा, खाली लिहिलंय, आसं.
नई लिहा, नळी लिहा, कुणी घाईत नुसतं न लिहा,
त्याच खणाशी नेऊन सोडते.
पिवळा काढून टाकला. दारातल्या उन्हात दिसत नव्हता.

एक खण उरला, दाराजवळचा, खालून तिसरा.
दात मोडलेला गिअर, बिनभोकाचं वायसर,
कसलीशी चावी, एक कानातलं.
मी त्याला "इतर" म्हटलं.
नानांनी चष्मा कपाळावर नेला,
त्या शब्दावर बोट ठेवलं, ते तेलाचं, अजून डाग आहे.
"इतर काय? येतीन ना ते लोके, घेवाले."

दुसरं नाव सुचलेलं नाही.
तो चौकोन सध्या बिनअक्षरी आहे.
काल तिघांनी दाबला.
काय शोधत होते,
वहीत लिहायचं राहिलं.