करंगळीचं काम

एकोणतीस वर्षं चौथा व्हॉल्व्ह करंगळीकडे होता.
तर्जनी, मधलं, अनामिका आणि टोकाला ती,
एका बाकावर दाटीनं बसल्यासारख्या.
खोल सूर आला की तिनं वाकायचं.
बाकी वेळ तिला कोण विचारतंय.

मग बँडनं वर्गणी काढून नवं युफोनियम घेतलं.
तीन व्हॉल्व्ह वर, उजव्या हाताशी,
चौथा खाली, बाजूला, डाव्याच्या बोटांत.
डाव्या हाताचा खेळ, म्हटलं.
कसला खेळ!

मंगळवारी, चॅपलमागच्या खोलीत,
डेन्झिल हेगनं काठी थांबवली.
"एनिड, तो खालचा सूर कुठे गेला?"
करंगळी हवा दाबत होती.
इमानेइतबारे. वेळेवर. एकही ठोका न चुकवता.
आणि डावा हात नुसता वाद्य धरून,
लग्नातल्या लांबच्या पाहुण्यासारखा.

या हाताचं त्या हाताला कळू नये म्हणतात.
दानाचं ठीक आहे.
इथे एकानं सोडायचं आणि दुसऱ्यानं उचलायचं,
तेही अर्ध्या मात्रेत.

मी पावाची व्हॅन चालवायचे, नऊ गावं, पहाटे चारपासून.
आमच्याकडे गिअर डाव्या हाताला.
पेनाइन्सच्या उतारावर बर्फ असला की
ब्रेकवर पाय ठेवायचा नाही,
गिअर खाली आणायचा,
पुढचं इंजिनावर सोडायचं.
फेब्रुवारीत कधीतरी, एका संथ प्रार्थनागीतात,
चाल उतरायला लागली
आणि डाव्या हातानं आपणहून केलं ते.
मी नाही.

जुनं वाद्य तबिथाला दिलं. नऊ वर्षांची,
पितळेआड निम्मी झाकलेली.
तिची करंगळी चौथ्यापर्यंत पोचेचना.
थांब, दाखवते, म्हणून मी खुर्ची ओढली,
तोवर तिनं डावा हात वरून वळवून आणला
आणि एका बोटानं दाबला तो.
कुणी शिकवलं गं?
तिनं खांदे उडवले.
सूर जरा चढा होता, दमही अपुरा,
पण होता तोच.

मग मी काही बोलले नाही.
व्हॉल्व्हना तेल कसं घालायचं तेवढं सांगितलं.
घरी येताना पाहते तर
स्टिअरिंगवर करंगळी,
अजूनही,
मधूनमधून.