फेरमोजणी

औशात, जुन्या पेठेत, घर नंबर दोनशे अकरा.
लोक म्हणतात मुन्शीचं घर.
मुन्शी कोण, ते सांगणारं कुणी उरलं नाही.
उताऱ्यावर चौदा वारस:
एक जेद्दाहला, दोघे हैदराबादला,
बाकीचे 'पत्ता माहीत नाही' या गावचे.

मी नगरपालिकेचा ओव्हरसियर.
माझ्याकडे टेप, लाल रंगाचा डबा,
आणि साहेबांनी आधीच लिहून ठेवलेला अहवाल.
धोकादायक, पाडण्यास योग्य.
मला फक्त मापं भरायची होती.

पहिल्या दिवशी दर्शनी भिंत. जाडी दोन हात, चार बोटं.
कागदावर त्याचे मीटर केले.
दुसऱ्या दिवशी ओसरीच्या तुळया. सागाच्या, अठरा.
अकरावीवर कुण्या सुताराचा हात चुकलेला,
कमळाला एक पाकळी जास्त झालेली,
मग त्यानं तिचंच पान केलेलं.
तिसऱ्या दिवशी मोजायला काही नव्हतं.
तरी गेलो.

पुण्याचा एक गिऱ्हाईक येऊन गेला होता,
रिसॉर्टला दारं पाहिजेत म्हणून.
चौकटींवर खडूनं आकडे टाकून गेला.
भिंतीला कुणी भाव विचारत नाही.

मकदूम मिस्त्रीला मीच बोलावलं, पालिकेनं नाही.
त्यानं खिळ्यानं गिलावा खरवडला,
चिमूटभर जिभेवर ठेवला, थुंकला.
'गूळ हाय, हिरडा हाय, उडदाचं पाणी हाय.
साहेब, हे पाडायला तुमालाच तरास व्हईल.'

सुनावणीला निवृत्ती बिडवे उठले. शेजारचे.
'माझी बहीण किल्लारीत दिली होती.
पहाटेचे तीन छप्पन.
दगड तुमी मोजता, साहेब,
मी उचललेत.
या भिंतीच्या सावलीत माझी नातवंडं खेळतात.
पाडा.'

यावर माझ्याकडे कलम नव्हतं.
घर तेव्हाही उभंच राहिलं होतं, हे मला माहीत होतं,
पण ते त्या माणसाला सांगायचं
एवढी माझी जीभ जाड नाही.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: फेरमोजणी आवश्यक.
एकवीस दिवस मिळाले.
बाजारात बोलणं सुरू झालं,
ओव्हरसियरनं पालिकेला चुना लावला.

चुन्याचंच काम निघालं होतं खरं.
मिस्त्री म्हणाला, मुरायला महिना लागतो.
म्हटलं, निकाल एकवीस दिवसांत.
'मग निकालानं थांबावं.
चुना कुणासाठी घाई करीत नाही.'
आणि परसात खड्डा खणायला घेतला.

पाणी कुठून आणायचं?
औशात नळ पाहुण्यासारखा येतो,
दहा दिवसांनी, आणि बसत नाही.
टँकर एकाकडेच रिकामा होता.
निवृत्तीरावांकडे.

ते टँकर घेऊन आले. उंबऱ्याच्या आत आले नाहीत.
बाहेरूनच विचारलं,
'पुन्हा हललं तर?'
मकदूमनं 'काही होत नाही' म्हटलं नाही.
भिंतीवर हातानं रेघ ओढत गेला:
'हितून एक पट्टा. खिडक्यांच्या डोईवरून एक.
चारी कोपरे लाकडानं आवळतो.
वरची माती निम्मी उतरवतो, लई लादलीय.
मग हललं तर लोकांना बाहेर पळायला टाइम देईल.
इतकंच कबूल करतो.'

निवृत्तीरावांनी बराच वेळ काही म्हटलं नाही.
मग वॉल सोडला.
आपण म्हणतो चुना विझवला,
पण पाणी पडताच खड्डा रटरटायला लागला,
वाफेनं माझा चष्मा गेला.

पैसे पुरे घेतले त्यांनी. पावतीही दिली.
जायला निघाले आणि गल्लीतच थांबले,
उघड्या दारातून ओसरीकडे बघत,
बोट हवेत एकेक पुढं सरकवत.
'तुळया किती लिहिल्यात?'
'अठरा.'
'सतराच दिसतात मला.'

चष्मा पुसला.
पुन्हा मोजायला लागलो, पहिल्यापासून.