शून्य पावलं

पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये पंखा होता, वारा नव्हता.
शेवडीकर मॅडम म्हणाल्या, साठ मुलांचे गुण साठवा.
मी लिहीत गेलो: गुण१, गुण२, गुण३…
सतराव्याला बोटं दुखली,
एकविसाव्याला तास संपला.
"अरे, साठ नावं कशाला?
एकच नाव, साठ खण. ॲरे म्हणतात त्याला."
फळ्यावर त्यांनी चौकटींची माळ काढली
आणि पहिल्या चौकटीखाली लिहिलं: शून्य.

तिथंच माझं गाडं अडलं.
आमच्या मुदखेडला केळीचे घडसुद्धा
एकपासून मोजतात.

रविवारी इंदरपाल कामठेकर म्हणाला,
"चल सेवेला, डोकं तरी थंड होईल."
नांदेडात, मार्चमध्ये, डोकं थंड होतं
असं मानणारा तो एकटाच.

जोडाघरात त्याचे चाचा, हुकमसिंग.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशनची तारीख लांबलेली.
भिंतीलगत खणांची एक लांब ओळ,
सगळे एका मापाचे, मध्ये फट नाही,
आणि पहिल्या खणापाशी चाचा उभे.
कुणी पितळी बिल्ला हातावर ठेवला
की अंगठा आकड्यावरून फिरायचा,
मग ते निघायचे, ओठांत काही मोजत,
थांबायचे, हात घालायचे,
जोडा बाहेर.
बूट असो, कोल्हापुरी असो,
अंगठा तुटून दोऱ्यानं बांधलेली स्लीपर असो.
चुकायचो तो मी, धडधाकट डोळ्यांचा.

"काय शोधायलास रे एवढं?"
"छत्तीस नंबर, चाचा."
"शोधायचं नसतंय. जायचं असतंय.
खण सारखे हायत की समदे,
एक पाऊल, एक खण.
छत्तिसाला पस्तीस पावलं."
"आणि एक नंबरला?"
चाचा हसले. जागचे हलले नाहीत.
नुसता हात लांब केला.

मी कुणाच्या तरी चपला छातीशी धरून उभा.
फळ्यावरचं ते शून्य
म्हणजे चाचांना टाकावं न लागलेलं पाऊल.

मग मलाही सुरसुरी आली.
डोळे मिटून साठाव्या खणाकडे निघालो,
साठ पावलं, मोजून,
आणि हात भिंतीवर. बोटांना चुना.
"भाईर गेलास," चाचा तिकडून म्हणाले,
"एकोणसाठालाच संपतंय."
(हाच चुना सोमवारी लॅबमध्ये
लाल अक्षरांत पुन्हा लागला.
या वेळी मला ठाऊक होतं
कुठलं पाऊल मागं घ्यायचं.)

रात्री फडकं घेऊन आम्ही ओळ पुसली,
पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही न गाळता,
प्रत्येक खणाला तेच काम:
बघ, पूस, पुढं सरक.
एका खणात लहान लेकराचे बूट,
पाऊल पडलं की पिपाणी वाजते तसले.
किती दिवस झाले, बिल्ला परत आलेला नाही.
चाचा ते काढतात, खण पुसतात,
त्याच खणात परत ठेवतात.
कुणाचे, ते खणाला कळत नाही.
त्याला एवढंच कळतं: ठेवलंय.

"चाचा, उन्हाचं अनवाणी कसं गेलं असेल पोर?"

त्यांनी बूट दाबला. पिपाणी वाजली.
"कडंवर गेलं असंल," म्हणाले,
"त्याला कुठं पावलं टाकायची होती."