आडवा आठ

खजुरी बाजारात, वह्यांच्या दुकानांवर,
दुसऱ्या मजल्यावर जफरभाईचा संगणक.
जिन्याला दोरी आहे, कठडा नाही.
दोरी धरून चढले, पिशवीत समितीच्या
अकरा चिठ्ठ्या,
एक तर औषधाच्या पाकिटामागे लिहिलेली.

आमच्या पाक्षिकाचं रूप बदलायचं ठरलंय.
ठरलंय म्हणजे टोणगावकरांनी ठरवलंय,
आणि मी बँकेतून सुटलेली, म्हणून मला धाडलंय,
जणू तीस वर्षं स्लिपा तपासल्या की
अक्षरांतलंही कळतं.

आधी रंग.
भगवा नको, निवडणूक आहे.
हिरवा नको, का ते त्या चिठ्ठीत होतं.
ती चिठ्ठी मी जफरभाईसमोर काढलीच नाही.
मी म्हटलं, जिरावणाचा द्या.
तो हसला. पोह्यांच्या डब्यात होतंच थोडं;
चिमूटभर कागदावर टाकून
पडद्यावरच्या पट्टीशी ताडत बसला,
जरा लाल वाढव, जरा काळं,
फोडणीवर वाकावं तसा.

मग चिन्ह.
राजवाडा नको, तो मिठाईच्या खोक्यावर आहे.
मोर नको. समई तर नकोच.
शरयूबाईंनी स्वतः काढलेली लेखणी
गाजरासारखी दिसते, हे त्यांना कोण सांगणार?
तूर्त जागा सोडा, म्हटलं.
त्याने तिथे राखाडी चौकट टाकली.
खरं तर तीच बरी दिसत होती.

मग नाव : माळवा निरोप.
त्यावर तीन बैठका झालेल्या.
निरोप म्हणजे सांगावा, असा एक पक्ष.
निरोप म्हणजे निघालो, असा दुसरा.
गेल्या वर्षी एकतीस अंक परत आले
'पत्त्यावर कोणी राहत नाही' असा शेरा घेऊन,
तेव्हापासून दुसऱ्या पक्षाशी मी वाद घालत नाही.

जफरभाईने टाइप केलं, मालवा.
म्हटलं, ळ.
"ताई, ये अक्षर तो इसमें है ही नहीं."
दुसरा फॉन्ट लावला. ळ च्या जागी चौकोन.
तिसऱ्यात होता, पण बाकीच्यांहून बारीक,
पंगत बसल्यावर आलेल्या पाहुण्यासारखा अंग चोरून.
चौथ्याचा ल परका, श परका,
आणि 'तऱ्हा'तला र
नको तिथे डोक्यावर चढून बसलेला.

पळसीकर कॉलनीची पाटी आठवली, पलसीकर.
रिक्षावाल्याला मीही तसंच सांगते.
परवा नातीने केला मागितला,
मी केळं सोलून दिलं.

जफरभाई बराच वेळ गप्प.
मग त्याने इंग्रजी आकड्यातला आठ घेतला,
जाडजूड, तो आडवा पाडला,
मधल्या बेचक्यात दांडी खोवून
शिरोरेषेला टांगला.
"ऐसा?"
डावं पोट सुटलं होतं.
"उजवं थोडं फुगव."
"अब?"
अब.

"बोलते कैसे हैं इसको?"
जीभ मागे वळवून टाळूला, सांगितलं.
आधी ड आला. मग ल.
मग नुसतीच जीभ.
दारात कागदाची रिमं उतरवत होता भेरूलाल,
देपालपूरकडचा. घाम पुसत म्हणाला,
"म्हारी दादी तो माळवो ज केवे."
स्वच्छ. वळलेला. जसा हवा तसा.

बारा वर्षं मी समितीत आहे.
हा ळ आमचाच, असं धरून चालले होते.
भेरूलालला पाणी दिलं, आणखी काय देणार?

चिन्हाचं राहूनच गेलं.
चौकट तशीच राखाडी गेली छपाईला.
नव्या रूपाबद्दल आजवर एकच पत्र आलंय,
महूहून, थरथरत्या अक्षरात :
पहिल्या पानावर फोटो छापायचा राहिला का?
कोण गेलं?