भिंतीला टेकून

टाच. कुल्ले. खवाटे. डोकं.
चारही भिंतीला टेकले पाहिजेत, सिव्हिलमधल्या व्यायामवाल्या बाई म्हणाल्या,
सकाळ-संध्याकाळ, दहा-दहा मोजून.

कुंभारीच्या आमच्या घरकुलात
मोकळी भिंत एवढीच :
गॅसची टाकी आणि तेंदूपानांचं पोतं यांच्या मधली.
तिथं उभी राहते नागमणी, पाचवी ब,
दप्तरानं, मोबाईलनं
आणि माझ्याकडं बघून बघून पोक आलेली.
शेवटचं बाई बोलल्या नाहीत.
मला ऐकू आलं.

त्यांनी दिलेल्या कागदावर एक मुलगा आहे,
हात वर केलेला, तोंड नसलेला.
नागमणीनं त्याला पेनानं मिशा काढल्या.

ओकटी, रेंडू, मूडू...
मोजायचं मला सांगू नका.
पंचवीस विड्यांचा कट्टा मी न बघता बांधते.
सातला ती खांदे सोडते.
पुन्हा पहिल्यापासून, मी म्हणते,
आणि माझ्याच तोंडून चेकरचा आवाज येतो,
छाट काढून विड्या फेकणाऱ्या.

मग जुन्या टॉवेलची वळकटी पाठीखाली,
पाच मिनिटं पडून राहायचं.
वर पत्रा तापलेला, पंखा नुसता गरगरतो.
मग भुजंगासन.
आजीचं नाव नको म्हणून वर्षभर रडली होती,
आता म्हणते, हे माझंच आसन, फणा बघ.

पहिल्या दिवशी तिचं डोकं आणि भिंत यांच्यामध्ये
दोन कट्टे बसायचे.
आता एक. तोही दाबून.

परवा म्हणाली, अम्मा, तू उभी राहा.
सूप मांडीवरून उतरवलं.
टाच टेकली. कुल्ले टेकले.
खवाटे भिंत शोधत राहिले.
डोक्यामागं तिनं हात घालून पाहिला,
काही बोलली नाही, कट्टे आणायला गेली.
एक. दोन. तीन.
चौथा सरकवताना जीभ बाहेर काढून,
सुईत दोरा ओवावा तसा.

थांब, अजून आहे, म्हणाली, आणि वळली.
ओल्या फडक्यातली पानं वाळत चाललेली,
तीनशे विड्या बाकी,
आणि मी श्वाससुद्धा जपून घेत उभी.
मान जरा ढिली सोडली असती
तर शंभर विड्यांची मजुरी खाली, फरशीवर.

ती मराठीत मोजत होती, शाळेतल्यासारखं,
एकेक आकडा ठासून.
सातला मी खांदे सोडले नाहीत.