भिंतीवरचा देश

पंचायत समितीचं पत्र आलं:
शाळेच्या उगवतीकडच्या भिंतीवर देशाचा नकाशा काढावा,
बाजूला माहिती. भूगोल, इतिहास, संस्कृती.
एकूण वीस ओळी. रंगाचा खर्च शाळेने करावा.

मकदूम पेंटर सायकलवर आले,
हँडलला तीन डबे, शिडी दर्ग्यातून मागून आणलेली.
दोन दिवसांत हिमालय उतरवला,
तिसऱ्या दिवशी समुद्रापाशी अडले.
"निळा सरला, बाई.
तेरमधी एवढं पाणी कुणी काढाय सांगत न्हाई."
मग डब्यात रॉकेल ओतून हात मारला.
श्रीलंकेकडं समुद्र जरा फिकाच राहिला.

मी खाली ओळी मोजत होते.
सातांत नद्या संपल्या, तेरणेला जागा नाही.
पुढच्या सहांत राजे, लढाया, स्वातंत्र्य.
पंधरा ऑगस्ट सत्तेचाळीस वाचून दाखवलं
तर शिडीवरचा ब्रश थांबला.
"आमच्या अब्बांला देश तेरा महिन्यांनी मिळाला.
तवर खिशात हाली रुपया,
शाळेत उर्दू, चुलीपाशी हीच मराठी.
अन् मिळाला त्या सप्टेंबरात
आमच्या गल्लीची दारं आतून लावलेली हुती.
हे लिवता का?"
मी खडू हातात धरून उभी.
तेच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. वीस ओळींत कुठं बसतंय."

संस्कृतीत येळवस लिहिली, खोडली.
आंबिलीला पुस्तकी शब्द आठवेना.
कडब्याच्या कोपीत सगळा गाव जेवतो,
हे कोणत्या रकान्यात घालायचं?

सुट्टीत शिवलीलानं विचारलं,
"बाई, आपलं गाव कुठंय?"
पेंटरनं नख टेकवून पाहिलं:
"ठिपका दिला तर लातूरबी झाकंल, सोलापूरबी."
तिनं कंपासपेटीतून एक मणी काढला.
नांगरट पांढरीला भिडली तेव्हा निघालेला,
भोकात माती अजून तशीच.
कुणाच्या गळ्यातला, कोणत्या राजाच्या वेळचा,
मला सांगता आलं नाही.
करकटकाच्या टोकानं तिनं माती कोरली,
एक डोळा मिटला,
मणी दुसऱ्याला लावून भिंतीकडं पाहिलं,
बराच वेळ.
"दिसतंय का?"
"निळं दिसतंय. फिकं."

मकदूमनं मजुरीतले पन्नास परत दिले,
समुद्र पातळ झाला म्हणून.

तपासणीला आलेले केंद्रप्रमुख
ओळी बोटानं मोजत गेले, एकोणिसावर थांबले.
विसावी का कोरी, विचारलं.
रंग संपला, म्हणाले मी.