अक्षरी

तांबट आळीत दुपारी तीनला जाऊ नये,
आपलंच बोलणं आपल्याला ऐकू येत नाही.
मी तीनलाच गेले.
भिकाजी वडक्यांनी हातोडा बाजूला ठेवला
आणि वजनांची यादी दाखवली:
आठशे बारा भांडी, एक संगणक, तिघांचे हात.

थोरल्या हेमचंद्रनं भरले होते पूर्णांक.
घंगाळ चार, हंडा बारा,
वरची चिल्लर तो सोडून द्यायचा.
सून वृंदा सोनाराच्या घरची,
तिचं ताम्हन शून्य दशांश चार शून्य पाच.
आणि ही दोघं लग्नाला चांदवडला गेली त्या आठवड्यात
कल्हईवाल्या इसाकनं काट्याकडे बघून
तोंडात आलं तसं टाईप केलं:
कळशी अडीच. तपेली पाऊण. परात सव्वादोन.

काटा खोटा निघाला होता,
किलोमागे पंचवीस ग्रॅम कमी दाखवत होता वर्षभर.
तेवढं सगळ्यांना वाढवायचं.
एका ओळीचं काम आहे, मी म्हटलं.

पहिल्यांदा काहीच हललं नाही.
मी एकेक आकडा उचलला, वाढवला,
आणि हातातच ठेवला.
हातात येते ती नक्कल;
अस्सल आकडा यादीत आपल्या जागी ढिम्म.
जागेचा क्रमांक धरून परत मांडावा लागतो,
फडताळातल्या गडूसारखा.

दुसऱ्यांदा वृंदाची ताम्हनं मुकाट वाढली.
हेमचंद्रचा चार मात्र
चार दशांश एक होऊन दारापर्यंत आला,
दशांश चपलेसारखा उंबऱ्याबाहेर काढला
आणि आत गेला, पुन्हा चार.
बाराचे बारा. एकोणचाळीसचे एकोणचाळीस.
भंडाऱ्याचं चाळीस किलोचं पातेलं तेवढं
एक्केचाळीस झालं, कारण त्याला अख्खा एक मिळाला.
कुठे लाल रेघ नाही, तक्रार नाही.
मी दोनदा चहा पिऊन झाल्यावर ते दिसलं.

पूर्णांकांची घरं बदलली,
सगळ्यांना दशांशाच्या घरात हलवलं,
मग गुणलं.
आणि इसाकच्या कळशीपाशी सगळं थांबलं.

"अडीच कळत नाही त्याला?"
"अक्षरं आहेत ती, काका."
"अक्षरं कुठली? वजन आहे ते."
ते माझ्याकडे बघत राहिले,
शिकूनसवरून हिला अडीच येत नाही, असे.

मग त्यांनी सांगितलं आणि मी लिहीत गेले:
पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच.
औटावर मी अडले. साडेतीन गं, ते म्हणाले,
आणि बोटानं परातीवर ठेका धरून
औटकी सुरू केली, एक औटे औट, बे औटे सात,
नवापर्यंत न चुकता.
यादीत औट कुठेच नव्हता.
तरी मी त्याला जागा दिली.

साडेसातच्या सुमाराला आठशे अकरा भांडी
खऱ्या वजनाची झाली.
एका गुंडीपुढे रिकामं होतं.
"इथे शून्य घालू?"
"शून्य कसं? गुंडी आहे की ती."
फळीवर होतीच, आतून अजून काळी,
कल्हई व्हायची होती.
कल्हईचंही वजन असतं म्हणे, थोडं.
रिकामं रिकामंच ठेवलं,
गुणाकाराला सांगितलं, हिला ओलांडून जा.

पैसे देताना त्यांनी पावतीपुस्तक पुढे केलं.
मी आकड्यात लिहिलं दोन हजार पाचशे
आणि सही करायला लागले.
त्यांनी पेन धरलं.
खालच्या ओळीवर नख ठेवलं,
जिथे छापलं होतं: अक्षरी रुपये.
"इथे लिही. आकड्याचा भरवसा नाही,
कोणीही मागे एक शून्य जोडतो."

मी लिहिलं दोन हजार.
"अडीच म्हण ना," ते म्हणाले,
आणि हातोडा उचलला,
पुढचं मला ऐकू आलं नाही.